चाकामागचा दगड

धप्प.

असा आवाज होता. एकच. उघड्या तळहाताची थाप पत्र्यावर पडली की येतो, तसा. पंचवीस वर्षं झाली त्याला. पण अजून एखाद्या रात्री वाऱ्यानं गॅरेजचं शटर हललं, की मी अंथरुणात उठून बसतो.

ऐका. जवळ सरका सगळे. गुलाबभाई, तो टायरचा तुकडा शेकोटीत टाकू नका, डोळे चुरचुरतात. लाकूड टाका. दिगू, तूही ये. गाडीचं सकाळी बघू म्हणालास ना? बघू. तुझी पिकप स्लोला चालते, रेस घेत नाही, चढाला मरते. ऐकलं मी. आणि तुझा क्लीनर येसबा मागं करंजखिंडीत राहिला, तेही ऐकलं. चाकामागं दगड लावायला उतरला, तेवढ्यात गाडी उठली आणि तू थांबला नाहीस. ‘येईल म्हातारा चालत, रस्ता एकच आहे,’ म्हणालास. दीड तास झाला त्याला. मी काही बोललो का? नाही. मला फार बोलता येत नाही. चार यत्ता शिकलो, त्यातली एक दोनदा. मी आपली गोष्ट सांगतो.

तेव्हा नवा रस्ता नव्हता. खालची गावं आणि आपला हा माथा, यांच्यामध्ये जुनी करंजखिंड, एवढंच. रुंदी किती? एक गाडी, आणि बाजूला अंग चोरून उभा राहिलेला एक माणूस. अकरा वळणं. नवव्याला असा चढ, की भरल्या गाडीचे बैल गुडघे टेकायचे.

गाडीवाल्यांची रीत दिगूला माहीत आहे, तुम्हाला सांगतो. चढाला गाडी दमली की क्लीनर खाली उडी मारतो. मागच्या चाकाला दगड लावतो. मग ड्रायव्हर रेस देतो, गाडी उठते. आणि उठली की थांबायचं नाही. थांबलात तर पुन्हा उठेल याचा भरवसा नाही. क्लीनरनं पळत यायचं, मागचा फळका धरायचा, वर चढायचं आणि पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. एसटीच्या घंटीसारखं.

त्या खिंडीत निवृत्ती म्हणून एक क्लीनर होता. लाकडाच्या ट्रकवर. पन्नाशीचा माणूस, दमेकरी. एका थंडीत नवव्या वळणावर गाडी उठली आणि निवृत्ती मागं राहिला. ड्रायव्हर थांबला नाही. म्हणाला, येईल चालत. सकाळी लोकांना दिसला. कडेला पाठ टेकून बसलेला. मांडीवर दगड. तो दगड त्यानं सोडला नव्हता. दुसरी गाडी आली तर लागेल म्हणून धरला असेल, किंवा उबेसाठी. दगडात कसली ऊब? पण माणूस काहीही धरतो.

तेव्हापासून रात्री नवव्या वळणावर थाप ऐकू येते, असं लोक म्हणायचे. मी हसायचो. मी म्हणायचो, थाप कसली, फळक्याची कडी ढिली असेल.

तर मी त्या दिवशी खाली तेरेवाडीत होतो. भाताच्या गिरणीचं इंजिन खोलायला गेलो होतो. काम संपलं, हात धुतले, तोच शेलार आला. स्वतःची जुनी पिकप चालवायचा. आला तो घाईतच.

“मिस्त्री, गाडी रेस घेत नाही. आणि मला आजच्या रात्रीत वर जायचंय.”

“रात्रीचं कशाला?”

“कांचनची भरती आहे. पोलिसात. सकाळी सहाला मैदानात हजर व्हायचंय. सहानंतर फाटक बंद.”

कांचन त्याची मुलगी. एकोणीस वर्षांची. रोज पहाटे बंधाऱ्यापासून गावापर्यंत पळायची. गाव हसायचं. बायाबापड्या विचारायच्या, काय गं, मागं कुत्रं लागलंय का? ती म्हणायची, कुत्रं दमलं, ते घरी गेलं. अशी पोर. वर्षभर त्या एका सकाळसाठी पळाली होती. आणि सकाळ आठ तासांवर आलेली.

मी म्हणालो, “मीही वरचाच. चल, बसतो गाडीत. वाटेत अडली तर बघू.”

जेवण उरकून निघालो. अमावास्या नव्हती, ते उगीच सांगणार नाही. नखाएवढा चंद्र होता, तोही कधीच बुडालेला. शेलार चालवायला, मी शेजारी. कांचन म्हणाली, “मी मागं बसते काका, पाय लांब करून. पाय आखडले तर सकाळी पळणार कशी?” आईची चादर डोक्यावरनं घेऊन बसली.

मी शेलारला विचारलं, “गाडीला काय काय केलंस इतक्यात?”

“काय नाही.”

हे ध्यानात ठेवा. आजाऱ्याला विचारावं काय खाल्लंस, तर म्हणतो काही नाही. ड्रायव्हरही तसाच.

पहिली दोन वळणं गाडी झकास. तिसऱ्यावर आवाज बसला. पाय खाली दाबला तरी तेवढंच. घुंऽऽ, घुंऽऽ. वर जाईचना. जशी झोपेतल्या माणसाला हाक मारावी आणि त्यानं नुसतं हुं म्हणावं.

उतरलो. मला काही भीती नव्हती, का असावी? स्लोला चालणारं इंजिन म्हणजे जिवंत इंजिन. त्याला फक्त पोटभर डिझेल मिळत नाही, किंवा श्वास मिळत नाही, किंवा घाण बाहेर जात नाही. तीनच गोष्टी. चौथी नसते. आधी डिझेल. फिल्टरचा बोल्ट सोडला. खालून थोडं पाणी निघालं. हातपंप मारला, हवा काढली, बोल्ट आवळला. स्टार्ट. रेस दिली, गाडी डरकाळली!

“बघ,” मी म्हणालो. “पाणी होतं.”

आणि तेव्हा, मागच्या पत्र्यावर, धप्प.

एक. शेलारनं डोकं बाहेर काढलं. “काय गं?”

“काय आबा?”

“थांब म्हणालीस?”

“मी कुठं? मी पाय चोळतेय.”

शेलार माझ्याकडे बघतो. मी म्हणालो, फळक्याची कडी. चल.

सहाव्या वळणावर पुन्हा तेच. घुंऽऽ. बरं म्हटलं, आता श्वास बघू. हवेचा फिल्टर काढला, आपटला, पसाभर धूळ निघाली. पायाखालची रेसची तार बघितली, ती सरळ होती. वाकलोच आहे तर फिल्टरचा बोल्ट पुन्हा सोडून पाहावा म्हणून मान आत घातली आणि हात मागं केला. “चौदाचा पाना दे.”

हातात पाना आला. चौदाचाच.

पण थंड! दहिवरात रात्रभर पडलेलं लोखंड असतं, तसं. बोटं चिकटली. मी म्हणालो, “कुठं ठेवला होतास गं एवढा?”

“काय काका?” समोरनं आवाज. कांचन माझ्यासमोर उभी होती, बॅटरी धरून. शेलार केबिनमध्ये, स्टेअरिंगवर.

मग पाना दिला कुणी?

मी मागं वळलो नाही. बोल्ट सोडला, पंप मारला, बोल्ट आवळला. हात काम करत होते, पाठीला मात्र घाम. गाडी स्टार्ट, पुन्हा चांगली. मला वाटलं, धूळच होती. आणि मनात खोलवर दुसरंही काही वाटलं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

आता नववं वळण.

चढाच्या निम्म्यात गाडीनं मान टाकली. स्लोला टुकटुक करते, पण एक हात पुढं जाईना. ब्रेक झिजलेले. गाडी मागं सरकायला लागली. मागं काय? चारशे फूट काही नाही.

“दगड!” शेलार ओरडला.

कांचननं चालत्या गाडीतनं उडी टाकली. काय चपळ पोर! बॅटरी घेऊन मीही उतरलो. गाडी थांबली. मागच्या चाकाला दगड होता, मोठा, नीट बसवलेला. मी म्हणालो, “शाबास.”

ती तशीच उभी. दोन्ही हातांत एक दगड.

“काका, मी अजून लावला नाही. हा आधीच होता.”

मी बॅटरी मारली. दगड ओला. महिना पौषाचा, रस्त्यावर धूळ, आणि दगडावरनं पाणी ओघळतंय, घाम आल्यासारखं. शेलारनं केबिनमधनं विचारलं, “झालं का?” कांचन माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली, “काका, निवृत्ती का?”

मी म्हणालो, “निवृत्ती असला तरी त्यानं दगड नीट लावलाय. दुसऱ्या चाकाला तू लाव.”

तिनं लावला. वरनं पायानं ठोकून पाहिला.

आता ऐका. माणूस घाबरला की त्याला सगळीकडे भूतच दिसतं. मलाही वाटलं, यानंच धरलीय गाडी. पण त्याच वेळी माझ्या कानाशी एक आवाज आला. बारीक. सुंऽऽ. मग टणक्. पत्र्याचा डबा दाबला की होतो तसा. मी खाली वाकलो. डिझेलची टाकी. तिचा पत्रा मधोमध आत ओढला गेला होता, जसे उपाशी माणसाचे गाल. आणि तोंडाला काय? झाकणच नाही! दुधाची पिशवी दुहेरी घालून वर ट्यूबचं रबर करकचून बांधलेलं. पिशवी आत खोल ओढली गेलेली.

“शेलार! टाकीचं झाकण कुठंय?”

“हरवलं परवा. पिशवी बांधली की. डिझेल हिंदकळतं ना.”

“आणि मला म्हणालास काय नाही केलं!”

“ते काय करण्यात येतं होय?”

बघा. झाकणाला बारीक भोक असतं. डिझेल जितकं जातं, तितकी हवा आत यावी लागते. पिशवीनं ती वाट बंद केली. टाकी आतून ओढून धरते, पंपाला डिझेल येत नाही. स्लोपुरतं मिळतं, रेसपुरतं नाही. मी फिल्टर सोडायचो तेव्हा तिथून हवा आत यायची, आणि पुढची दोन-तीन वळणं गाडी चालायची. मला वाटायचं मी दुरुस्त केली. कसली दुरुस्ती! म्हणून सांगतो, गाडी बरी झाली याचा आनंद करण्याआधी ती का बरी झाली ते बघावं.

मी रबर सोडलं. टाकीनं श्वास घेतला. हूऽऽश! असा मोठा, की आम्ही दोघं दचकलो. पातळ फडकं तोंडाला ढिलं बांधलं. पंप मारला. केबिनमध्ये चढलो. “दे रेस!”

काय सांगू तुम्हाला. अख्खी खिंड घुमली. गाडी उठली. पहिल्या गिअरवर, थरथरत, वर वर.

“थांबवू नको,” शेलार स्वतःशीच म्हणत होता, “आता थांबायचं नाही. पळते पोरगी, फळका धरील.” मी मागच्या काचेतनं बघितलं. कांचन बसली होती. चादर डोक्यावरनं घेऊन, कोपऱ्यात.

“बसली,” मी म्हणालो.

“बसली ना? चला!” शेलार हसला. तेव्हा पहिल्यांदा हसला तो.

धप्प.

एक थाप.

शेलार म्हणाला, “काय झालं हिला आता?” पाय उचलला नाही. मी पुन्हा काचेतनं बघितलं. तशीच बसलेली, जरा हलली नाही. मग थाप कुणी मारली?

आणि मला एक गोष्ट टोचली. ऐका हं, हा मिस्त्रीचा कान आहे, भगताचा नाही. त्या गाडीचे मागचे स्प्रिंगचे पाटे जुने होते. कुणीही मागं चढलं की ते कुई करायचे. तेरेवाडीत कांचन चढली, कुई. सहाव्या वळणावर चढली, कुई. आणि आत्ता? माझे कान तिथंच लागलेले होते. कुई झालंच नव्हतं. मागं बसलेल्या माणसाला वजन नव्हतं.

मी डोळे ताणले. चादरीच्या खाली, मांडीवर, काहीतरी गोल. दोन्ही हातांनी धरलेलं.

“थांबव!” मी ओरडलो.

“येडे झालात काय मिस्त्री? इथं थांबली तर गाडी जाईल, भरती जाईल! बसलीय की ती!”

“ती कांचन नाही!”

त्याला पटेना. कसं पटावं? मुलीची चादर, मुलीची जागा. पाय दाबून धरलेला त्यानं. धप्प! तिसऱ्यांदा, आता माझ्या डोक्यामागंच, काच हादरली. मी हात घातला आणि इंजिन बंद करायची दोरी ओढली.

आवाज गेला. आणि आवाज गेल्यावर ऐकू आलं. खालून, लांबून.

“आबाऽऽ! आबा, मी राहिलेऽऽ!”

इंजिनाच्या गर्जनेत ती किती वेळ हाका मारत होती, देव जाणे.

शेलारचं तोंड पांढरं पडलं. पण गाडी मागं सरकायला लागली होती. ब्रेक धरेना. गिअर धरेना. ती मागं चाललीय, वेग घेतेय, आणि त्याच रस्त्यावर, त्याच अंधारात, खालून पोर वर पळत येतेय! दोन्ही बाजूंनी एकच शेवट. शेलारनं डोळे मिटले. मी मिटले नाहीत, पण काही दिसतही नव्हतं.

दण्!

गाडी जागेवर थांबली.

आम्ही दोघं केबिनमध्ये, हलायची छाती होईना.  मग पावलं. पळणारी, एका पायानं लंगडणारी, खरी पावलं. कांचन आली. गुडघा फुटलेला. खडीवर पाय मुरगळून पडली होती. बापाला बघून आधी त्याच्या छातीवर बुक्की मारली, मग रडली. शेलार म्हणत होता, “मला वाटलं तू बसलीस. मला वाटलं तू बसलीस.” तेवढंच.

मी मागं गेलो. चाकाला दगड होता. ओला. वर चढून बघितलं. चादर कोपऱ्यात होती. घडी घातलेली. चार पदरी, नीट, जशी क्लीनर लोक ड्रायव्हरच्या पांघरुणाची घालून ठेवतात.

कांचनला आम्ही पुढं, मध्ये बसवलं. ती चढली. कुई. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही. शेलारनं स्टार्टर मारला, मी मनात म्हणालो, उठ बाई, आता तुझ्या पोटात डिझेल आहे, छातीत हवा आहे. रेस दिली. उठायच्या आधी, मागच्या पत्र्यावर,

धप्प धप्प.

दोन. चल म्हणून.

मागं वळून कुणी बघितलं नाही. साडेपाचला मैदानावर होतो. गुडघा बांधून पळाली ती. त्या वर्षी लागली नाही, खोटं कशाला सांगू. पुढच्या वर्षी लागली. आता जमादार आहे. अजून कुठल्याही गाडीत शेवटचा माणूस चढल्याशिवाय ती दार लावू देत नाही.

निवृत्तीच्या मनात काय होतं? आमच्या पोरीला त्या वळणावर ठेवून तिच्या जागी बसून वर यायचं होतं? की तिला मागं टाकू नका म्हणून तो थापा मारत होता? गुलाबभाई, मला नका विचारू. इंजिनाचं विचारा, सांगतो. मेलेल्या माणसाचं मला कळत नाही. कदाचित दोन्ही असेल. थंडीत मरणाऱ्याला वाटतं ना, आपणही जावं गाडीत. पण क्लीनर होता तो. दगड वेळेवर लावायचा, हे त्याच्या हाडात होतं.

एवढं मात्र ऐका आणि लक्षात ठेवा. करंजखिंडीतनं रात्री जाऊ नका. नवा रस्ता चार मैल लांब पडतो, पडू दे. रात्री त्या वाटेनं कुणी पाऊल घालू नये. एकाच माणसानं घालावं. ज्याचं माणूस तिथं राहिलंय, त्यानं. त्याला निवृत्ती काही करणार नाही. उलट वाट दाखवील.

आणि दिगू, तुझी गाडी मी मघाच बघितली, तू चहा पीत होतास तेव्हा. टाकीला काळी पिशवी आहे. सोडली नाही मी. इंजिनाचं काही गेलेलं नाही, सकाळी फुकटात चालू होईल. पण सीटवर येसबाचा स्वेटर पडलाय, तोही बघितला. माणूस साठीचा, अंगात नुसता सदरा. खिंडीत फोन लागत नाही. गाडी घेऊन जायचं म्हणशील तर खाली वळवायला जागा नाही. चालतच जावं लागेल. दोन मैल. बॅटरी खिळ्याला टांगलीय, आणि हे माझं कांबळं.

मी काही म्हणत नाही. मी आपली गोष्ट सांगितली.

बसा रे तुम्ही. वाट द्या त्याला. हाका मारू नका, काही विचारू नका.

बॅटरी घेतली. कांबळं घेतलं. स्वेटर... हां, तोही घेतला गाडीतनं.

बॅटरी पेटवली का? हां, पेटली. 

तो बघा, उजेड वळणापाशी गेला.